हंड्यावरचं गिचमिड

तिसगावात 'गिचमिड' हा शब्द शाळेतून आला. गुरुजी एखाद्या पोराची पाटी उचलायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "काय रे हे गिचमिड लिहिलंयस?" पोरं तो शब्द दप्तराबरोबर घरी आणायची. आता घरोघरी अक्षराशी कुणाचा फारसा संबंध नव्हता, पण म्हणून आलेला शब्द काय कुणी परत पाठवतं? बाजरी दाट पेरली गेली की बाया म्हणायच्या, "लई गिचमिड झालं रान." पाथर्डीच्या एस्टीत माणसावर माणूस बसला की गिचमिड. नव्या सुनेनं पोळपाटावर नीट न लाटलेली चपाती, तीही गिचमिड. गुरुजींना हे आवडत नसे. ते म्हणायचे, शब्द अक्षरापुरता आहे, अक्षरापुरताच वापरा. गावानं ऐकून घेतलं आणि आपलं चालू ठेवलं.

तरी अक्षराच्या बाबतीत हा शब्द ज्याला शोभून दिसला तो माणूस म्हणजे गहिनीनाथ. बाजाराच्या दिवशी भांड्यांच्या दुकानाशेजारी लिंबाखाली पोतं टाकून तो बसायचा आणि छिन्नी-हातोडीनं भांड्यांवर नावं घालून द्यायचा. टिचटिच आवाज करत ठिपक्याला ठिपका जोडायचा. अक्षरं त्याला येत होती, पण ती एकमेकांपासून लांब राहतील एवढा धीर त्याच्यात नव्हता. शिवाय बोलता बोलता घालायची खोड. गिऱ्हाईक पावसापाण्याचं विचारायचं, हा मान वर करून उत्तर द्यायचा आणि छिन्नी आपली खाली चालूच. त्याच्या हातचं नाव वाचता आलं तर ते गुरुजींना, तेही सगळंच असं नाही. पण तक्रार कुणाची नव्हती. भांड्यावर नाव आहे, एवढ्यावर लोकांचं समाधान होतं.

नावाची एवढी गरज का पडायची, तर झुंबरबाईमुळे. तिसगाव आणि आजूबाजूच्या वाड्यांवरची निम्मी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जात. ट्रक यायचे, माणसं, लेकरं, कोंबड्या, चुली सगळं भरलं जायचं आणि घरांना कुलपं लागायची. उसाच्या फडावर तांब्या-पितळेची चांगली भांडी कोण नेणार? ती झुंबरबाईच्या आतल्या खोलीत ठेवून जायची. झुंबरबाई एकटी, म्हातारी, तोंडानं फाटकी, पण तिच्या खोलीतून चमचा कधी हलला नाही. तिची अट एकच. बिननावाचं भांडं ती उंबऱ्याच्या आत घेत नसे. एका साली दोन जावांनी एका परातीवरून तिच्याच दारात एकमेकींच्या झिंज्या उपटल्या होत्या, तेव्हापासून तिनं कायदा केला, ज्याचं नाव त्याचं भांडं. उन्हाळ्यात टोळ्या परत आल्या की ती गुरुजींना बोलवायची. गुरुजी एकेक भांडं उचलून नाव वाचायचे आणि ज्याचं त्यानं घेऊन जायचं. वास्तविक आपलं भांडं आंधळ्यालासुद्धा ओळखता आलं असतं. पण झुंबरबाईच्या कायद्यापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती.

एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर कडूबाईची ऊसतोडीची पहिली खेप होती. लग्न होऊन तिला फार दिवस झाले नव्हते. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापानं हिचं नाव कडू ठेवलं, म्हणजे नशिबानं तोंड लावू नये, आणि ही जगली. लग्नात बापानं तिला एक तांब्याचा हंडा दिला. बाप पुढं काही महिन्यांतच गेला. आई आधीच गेलेली. माहेरातलं म्हणून जे काही तिच्यापाशी उरलं होतं ते त्या हंड्यात मावत होतं, आणि हंडा तर रिकामा होता.

ट्रक वेशीत उभा राहिला तेव्हा ती हंडा घेऊन झुंबरबाईकडे गेली, आणि झुंबरबाईनं तो दारातूनच परत फिरवला. नाव घालून आण म्हणाली. मग कडूबाई पळत लिंबाखाली आली.

"काय नाव घालू?" गहिनीनाथानं हंडा मांडीवर घेत विचारलं.

"घरच्यांचं."

"घरच्यांचं काय?"

कडूबाईनं पदर पुढं ओढला. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घ्यायचं नसतं, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. एरवी अशा वेळी बरोबरची बाई किंवा पोर नाव सांगून टाकतं. आज बरोबर कुणी नव्हतं. सगळे ट्रकमध्ये जागा धरून बसले होते.

"बरं, मी नावं घेतो, तू मान हालीव," गहिनीनाथ म्हणाला. त्याला अशा बायांची सवय होती. "मच्छिंद्र?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. छिन्नीनं मात्र तोवर म काढायला घेतला होता.

"मग कानिफनाथ?"

पुन्हा नाही. तिकडे क झाला होता, म च्या अंगावरच. तेवढ्यात मुकादमानं ट्रकचा भोंगा असा धरला की लिंबावरचे कावळे उडाले.

"घाला आता कायबी, तात्या! गाडी निघाली," कडूबाई रडकुंडीला येऊन म्हणाली.

गहिनीनाथ हाकेला ओ देणारा माणूस. त्यानं कायबी घातलं. म आणि क यांच्या पुढं त्याच्या मनात जे जे नाव आलं त्याचं थोडं थोडं त्यात गेलं. कडूबाईनं हंडा उचलला, झुंबरबाईनं अंगठा फिरवून ठिपके हाताला लागतात एवढं पाहिलं आणि हंडा आत गेला. कडूबाई चालत्या ट्रकमध्ये चढली. नवऱ्याचं नाव होतं गोरक्षनाथ. अजून एक प्रश्न विचारायला वेळ मिळाला असता तर ते बरोबर पडलं असतं आणि ही गोष्ट सांगायचं कारण उरलं नसतं.

गोरक्षनाथाची बाजू सांगावी तर त्याला बाजूच नव्हती. ऊस तोडताना शेजारच्या टोळीतल्या एका बाईशी त्याचं सूत जमलं. कडूबाई मोळ्या बांधत होती, डोक्यावर वाहत होती, आणि संध्याकाळी खोपीवर येऊन भाकरी थापत होती, तेव्हा तिला हे सगळ्यांच्या शेवटी कळलं. कळल्यावर ती भांडली, उपाशी राहिली, मुकादमाकडे गेली. मुकादम म्हणाला, मी ऊस तोडायला माणसं आणली, संसार जोडायला नाही. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, टोळ्यांनी सामान बांधलं, आणि गोरक्षनाथ दुसऱ्या ट्रकमध्ये बसून दुसऱ्या गावाला गेला. कडूबाई एकटी तिसगावला आली. वाटभर तिला बाकी कशाची नाही, त्या हंड्याची आठवण येत होती. का ते तिचं तिलाही कळलं नाही.

घरी थोरला दीर सूर्यभान होता. तो दुष्ट होता असं गावात कुणी म्हणणार नाही. हिशेबी होता. त्यानं भिंतीकडे तोंड करून बायकोला सांगितलं, कारण धाकट्या भावजयीशी थोरल्यानं सरळ बोलायचं नसतं. "तिला म्हनाव, ऱ्हायचं तर ऱ्हा. शेन-घान कर, रानात ये. जायाचं तर जा. पर घरातलं काय हालायचं न्हाई."

कडूबाईला राहायचंही नव्हतं आणि जायलाही जागा नव्हती. तिनं मनाशी वेगळंच ठरवलं होतं. पेठेतल्या चहाच्या दुकानांना, दोन-चार वाण्यांच्या घरांना पाणी लागायचं. विहीर लांब होती. हंडा असला तर पाणी भरून एका पोटापुरतं नक्की मिळेल, आणि झुंबरबाईच्या घरामागच्या सपरात, गवती छपराखाली, पडायला जागाही; तेवढं तिनं झुंबरबाईला विचारून ठेवलं होतं. कुणाच्या दाराशी पदर पसरायला नको. सगळं त्या हंड्यावर येऊन थांबलं होतं.

नावं वाचायचा दिवस बाजाराचाच धरला होता. झुंबरबाईच्या अंगणात भांड्यांचे ढीग लागले. गुरुजी खाटेवर बसले, चहा झाला आणि वाचन सुरू झालं. घागरी गेल्या, पराती गेल्या, तपेली गेली. लोक आपापलं भांडं असं काखेत मारून निघत की जणू कुणी ते हिसकावणार होतं. मग गुरुजींच्या हातात तो हंडा आला.

गुरुजींनी चष्मा कपाळावर नेला. चष्मा नाकावर आणला. हंडा उन्हात धरला.

"हे गिचमिड आहे," ते म्हणाले.

"म्हंजी नाव न्हाई का त्यावर?" झुंबरबाईनं विचारलं. तिच्या आवाजात काळजी होती. बिननावाचं भांडं आपण आत घेतलं असं ठरलं तर कायद्याचं काय राहिलं?

गुरुजींना हा प्रश्न आवडला. शब्दाचा अर्थ कुणी विचारावा अशी वेळ तिसगावात फार येत नसे. ते खाटेवर सावरून बसले. "असं बघा, झुंबरबाई. नुसते ओरखडे असते तर मी ओरखडे म्हटलं असतं. पोरानं ओढलेल्या रेघोट्या असत्या तर रेघोट्या म्हटलं असतं. गिचमिड केव्हा म्हणायचं? कुणीतरी काहीतरी लिहिलंय, पण ते वाचता येत नाही, तेव्हा. म्हणजे नाव आहे. कुणाचं, ते सांगता येत नाही."

"नाव हाय ना, मग झालं," झुंबरबाईचा जीव भांड्यात पडला. "कुनाचा हंडा हाय ह्यो?"

"माझा," कडूबाई म्हणाली.

"आमचा," सूर्यभान म्हणाला. तो मागं भिंतीला टेकून उभा होता, तो पुढं आला. "बापानं दिला आसंल, त्याला न्हाई कोन म्हनतंय? पर नाव भावाचं हाय. ज्याचं नाव त्याचं भांडं, ह्यो तुमचाच कायदा, आत्या. भाऊ आज न्हाई, उद्या यील. तवर हंडा घरात ऱ्हाईल."

लोकांत कुजबुज झाली. बोलणं तर बरोबर होतं. बाईच्या नावाचं भांडं कुणी पाहिलं होतं?

नाव कडूबाईनंच घालायला सांगितलं होतं. घरच्यांचं घाला, असं आपल्या तोंडानं सांगितलं होतं, आणि आता तेच नाव तिच्या हातातलं भांडं काढून न्यायला उभं होतं. तिला आपलाच राग आला. एवढा आला की डोळ्यांत पाणी यायचं थांबलं.

"गहिनीला बोलवा," झुंबरबाई म्हणाली. "त्यानंच घातलंय, त्यालाच इचारू."

गहिनीनाथ छिन्नी हातात घेऊनच आला. हंडा फिरवून पाहिला. "ह्ये माझंच हाय. म्या घातलंय."

"काय घातलंस?"

"त्ये मला कसं म्हाईत? माझं काम घालायचं. वाचायचं काम गुरुजीचं."

अंगण हसलं. गुरुजी हसले नाहीत.

"आरं, पर हिनं काय सांगितलं हुतं?" सूर्यभाननं विचारलं.

गहिनीनाथानं डोकं खाजवलं. "गाडीचा भोंगा वाजत हुता. म्हनली, घाला कायबी."

"कायबी म्हंजी घरधन्याचंच की! दुसऱ्या कुनाचं आसनार?"

आता झुंबरबाई उठली. कमरेवर हात ठेवून तिनं सगळ्यांकडे पाहिलं. वय झालेलं, गुडघे गेलेले, पण न्याय करायची वेळ आली की तिला बरं वाटायचं. "गुरुजी म्हनत्यात नाव हाय. घालनारा म्हनतो, मला म्हाईत न्हाई. मग ज्याला वाचता यील त्यानं न्यावा. सूर्यभान, तू साळंत गेल्ता न्हवं? वाच."

सूर्यभान दुसरीपर्यंत गेला होता. त्यानं हंडा घेतला आणि बोट ठेवलं. "ह्यो बघा गो. ह्यो र. आन् पुढं क्षनाथ." त्यानं नाथ म्हणताना बोट एवढं लांबवलं की ते ठिपके संपून कोऱ्या तांब्यावर गेलं.

गुरुजींनी हंडा त्याच्या हातातून घेतला, पालथा-सुलटा केला, गोल फिरवला आणि परत दिला. "गो कुठं आहे म्हणालास?"

सूर्यभाननं बोट ठेवलं. ते पहिल्यापेक्षा चांगलं वितभर बाजूला पडलं. पुन्हा हशा झाला आणि त्याचे कान लाल झाले. "तिला वाचू द्या की मग!" तो ओरडला. "जिला बाराखडी म्हाईत न्हाई ती काय वाचनार हाय?"

कडूबाई पुढं आली. तिला खरोखरच बाराखडी माहीत नव्हती. तिनं हंडा खाली ठेवला, त्याच्यापुढं उकिडवी बसली आणि त्या ठिपक्यांवर बोट टेकलं. उन्हामुळं तांबं तापलं होतं. मग तिच्या मनात आलं, हे सगळे ज्याची वाट बघतायत ते नाव माझ्या तोंडातून निघणार नाही म्हणून सगळे निर्धास्त आहेत. फडावरच्या त्या सगळ्या दिवसांत, भांडताना, उपाशी झोपताना, दुसरा ट्रक निघून जाताना, तिनं ते नाव एकदाही घेतलं नव्हतं. त्याचं आयुष्य तिनं तोंड मिटून सांभाळलं होतं.

"ह्ये गोरक्षनाथ न्हाई," कडूबाई म्हणाली.

एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. सूर्यभाननं मान खाली घातली, जणू त्याच्या देखत कुणी काहीतरी भलतंच केलं होतं. गावातल्या एकाही बाईनं भरल्या अंगणात नवऱ्याचं नाव असं, पाण्याचं, मिठाचं घ्यावं तसं घेतलेलं कुणी ऐकलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. जीभ झडली नाही. छातीतलं काही तुटलं नाही. उलट श्वास मोकळा आला.

मग तिनं बोट हळूहळू सरकवलं आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "क. डू. बा. ई."

हे खोटं होतं. पण त्या आधीच्या नावानं लोक एवढे हादरले होते की या खोट्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आणि ज्यांचं गेलं असेल त्यांनी तरी काय म्हणायचं? जी बाई नवऱ्याचं नाव चारचौघांत घेते ती काय काय वाचू शकेल याचा नेम नव्हता.

"गुरुजी?" झुंबरबाईनं विचारलं.

गुरुजींनी हंडा उचलला. ते खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी बराच वेळ पाहिलं. सुरुवातीला म वर चढलेला क त्यांना दिसला, बहुतेक. पुढचं त्यांना आधीही दिसलं नव्हतं, आताही दिसलं नाही. "पहिलं अक्षर क असावं," ते म्हणाले. "पुढचं मी आधीच सांगितलंय, मला लागत नाही. ज्यांना लागतंय त्यांना नाही म्हणायचा मला अधिकार नाही."

"घ्या तुमचं भांडं," झुंबरबाई कडूबाईला म्हणाली. नुकत्याच आलेल्या सुनेला तिनं पहिल्यांदाच अहोजाहो केलं होतं. "आन् सपार झाडून घ्या, लई कोळिष्टकं हायेत." सूर्यभान निघून गेला. गहिनीनाथ मात्र जाता जाता थांबला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आन इकडं. आता नीट घालून देतो. कडूबाई म्हनून, मोकळं मोकळं."

"नको, तात्या. हाय त्ये बरं हाय," ती म्हणाली आणि हंडा डोक्यावर घेऊन गेली.

त्या सालच्या पावसाळ्यानं दगा दिला. आधी बाजरी वाळली, मग विहिरी. दिवाळी झाली तरी ट्रक आले नाहीत, कारण तिकडे ऊसही नव्हता. सरकारनं रस्त्याची कामं काढली आणि सगळा मुलूख खडी फोडायला बसला. कामावर पाणी पाजायला एक बाई नेमायची असते. कडूबाईपाशी हंडा होता आणि टँकरपाशी उभं राहून धक्के खायची तिची तयारी होती, तेव्हा ती नेमली गेली. दिवसभर ती रांगेरांगेनं फिरायची. माणसं ओंजळ पुढं करायची, ती तांब्यानं ओतायची. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. मुकादमाची माणसं आणि सूर्यभानही त्याच रांगांत होते. सूर्यभाननं पहिल्या दिवशी तोंड फिरवून ओंजळ केली. दुसऱ्या दिवसापासून सरळ करू लागला.

पौषात गोरक्षनाथ आला. एकटाच आला. दाढी वाढलेली, पायात चपला नाहीत. कामावर नाव लागलं, हातात हातोडा मिळाला आणि तो रांगेच्या टोकाला जाऊन बसला. कडूबाईनं त्याला लांबूनच पाहिलं. तिच्या हातातला तांब्या एकदा हंड्याच्या काठाला लागून वाजला. पुढच्या माणसाच्या ओंजळीत तिनं नीट पाणी ओतलं. त्याच्या पुढच्याच्याही ओतलं. आसपासची खडी फोडायची थांबली होती आणि सगळे बघत होते, हे तिला न बघता कळत होतं.

ती त्याच्यासमोर आली. त्यानं ओंजळ केली नाही. हंड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि दातांत हसला. भाऊ काही बोलला असावा.

"हंडा आपला दिसतोय," तो म्हणाला. "माझं नाव हाय न्हवं त्यावर?"

कडूबाईनं हंडा डोक्यावरून उतरवून कमरेवर घेतला. उन्हानं डोळे बारीक करून तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, नव्यानं कामावर आलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

"तुमचं नाव काय?" तिनं विचारलं.

कुणी हसलं नाही. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि मग गेलं. रांगेतले सगळे उत्तराची वाट पाहत होते, तेव्हा त्याला ते द्यावं लागलं.

"गोरक्षनाथ," तो म्हणाला.

"न्हाई. ते न्हाई ह्याच्यावर," कडूबाई म्हणाली. "पानी प्यायचं आसंल तर ओंजळ करा. मागं मानसं थांबल्यात."

त्यानं ओंजळ केली. तिनं सगळ्यांना ओतत होती तेवढंच ओतलं आणि पुढच्या माणसाकडे गेली.